गाल बसतात तेव्हा नेमकं काय जातं? (गीता २.१३)



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १३.

श्लोकाचा भाव साध्या शब्दांत असा : या देहात राहणाऱ्याला जसं बालपण येतं, तारुण्य येतं, म्हातारपण येतं, तसाच पुढे दुसरा देहही मिळतो. धीर माणूस याने भांबावून जात नाही.

हा श्लोक आपल्या कानावर बहुतेक वेळा कोणी गेल्यावर पडतो. दहाव्या-बाराव्याला गुरुजी सांगतात, शोकसभेत कोणीतरी म्हणतं. त्यामुळे आपलं सगळं लक्ष शेवटच्या भागाकडे जातं, म्हणजे दुसऱ्या देहाकडे. पण श्लोकाची सुरुवात याच देहापासून होते. बालपण, तारुण्य, जरा. पुनर्जन्म मानायचा की नाही हा पुढचा प्रश्न झाला. हे तीन बदल मात्र मानावे लागत नाहीत, ते आरशात दिसतात. आज आपण या पहिल्या अर्ध्या भागापाशीच थांबणार आहोत, आणि त्यातही फक्त चेहऱ्यापाशी.

कारण ताईने एक प्रश्न विचारला आहे.

ताई ४४ वर्षांची, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिला डायबेटिस निघाला. तिने तो मनावर घेतला. रोज सकाळी चालणं, जेवणाचं गणित, रात्रीचं उशिरा खाणं बंद. १४ किलो वजन उतरलं, शुगर ताब्यात आली, डॉक्टर खूश. पण गाल बसले. डोळ्यांखाली खळगे आले, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतच्या रेषा खोल झाल्या. स्टाफरूममध्ये दर आठवड्याला कोणीतरी हळू आवाजात विचारतं, "काय गं, बरं आहे ना सगळं?" एका पालकाने तर, बाई वर्ष पूर्ण करतील ना, अशी ऑफिसात चौकशी केली. दहा वर्षांत आज तिची तब्येत सगळ्यात चांगली आहे आणि सगळ्यांना ती आजारी वाटते.

तर ती एका त्वचारोगतज्ज्ञाकडे फिलरबद्दल विचारून आली आणि मला फोन केला. म्हणाली, "अरे, तू रोज गीतेवर लिहितोस ना? मग सांग. हे करून घेतलं तर तो देहाभिमान होतो का? आणि नाही करून घेतलं, तर आयुष्यभर लोकांना 'मी बरी आहे' सांगत बसू का?"

मी तिला म्हटलं, चार दिवस दे. आमच्या कामात एक शिस्त असते : लॉग वाचल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. म्हणून आधी चेहऱ्यात नेमकं होतं काय ते समजून घेतलं, आणि मग श्लोकाकडे आलो. तुम्हीही याच क्रमाने चला.

चेहऱ्याच्या आत काय होतं

आपल्याला वाटतं म्हातारपण म्हणजे सुरकुत्या, म्हणजे कातडीचा प्रश्न. प्रत्यक्षात कातडी हा सगळ्यात वरचा थर आहे. तिच्याखाली चरबी, मग स्नायू, त्याखाली पुन्हा चरबी आणि शेवटी हाड. वयाबरोबर यातला प्रत्येक थर बदलतो, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो.

चरबीपासून सुरुवात करू. चेहऱ्याची चरबी म्हणजे सलग पसरलेली गादी, असा बरीच वर्षं समज होता. २००७ साली अमेरिकेतल्या रॉरिच आणि पेसा या दोन डॉक्टरांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात रंग सोडून पाहिलं, तर रंग सगळीकडे पसरला नाही, ठरावीक कप्प्यांत अडकून राहिला. म्हणजे चेहऱ्याची चरबी छोट्या छोट्या वेगळ्या पिशव्यांत भरलेली असते. हे कप्पे एकाच वेळी रिकामे होत नाहीत. गालाच्या खोलातले कप्पे आटतात, आणि जबड्याच्या कडेला मात्र थोडं लोंबायला लागतं. म्हणून चेहरा नुसता बारीक होत नाही, त्याचा घाट बदलतो. तरुणपणी वजन वर असतं, नंतर ते खाली उतरतं.

आता हाड. मला स्वतःला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं. आपण हाडाला कायमचं समजतो, पण हाड जिवंत आहे, ते झिजतं आणि पुन्हा भरतं. सीटी स्कॅनवरून तरुण आणि वृद्ध कवट्यांची तुलना झाली आहे. वयाबरोबर डोळ्यांची खोबण रुंदावते, वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं, नाकाच्या बुडाशी असलेलं भोक मोठं होतं, खालच्या जबड्याची उंची कमी होते. मांडवाचे बांबू आत सरकले आणि कापड तेवढंच राहिलं, तर कापडाला झोळ पडणारच. दोष कापडाचा नसतो.

दात गेले तर हे फार लवकर होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या युलियस वोल्फने एक नियम मांडला : हाडावर जसा भार येतो, तसं ते घडतं. दाढ असते तोवर चावण्याचा भार मुळातून जबड्यात जातो. दाढ काढली की त्या जागेच्या हाडाला काम उरत नाही, आणि शरीर ते हळूहळू काढून घेतं. पहिल्या वर्षात सर्वाधिक. म्हणून दात गेलेल्या माणसाचं बोळकं फक्त ओठ आत गेल्याने होत नाही. खालची जमीनच खचलेली असते.

आणि शेवटी कातडी. तिला ताठ ठेवतं ते कोलॅजेन आणि परत जागेवर आणतं ते इलॅस्टिन. तरुणपण सरलं की कोलॅजेन दरवर्षी थोडं थोडं कमी होतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं. ऊन आणि सिगारेट हे काम घाईने करतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापला होता. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. खिडकीकडचा त्याचा डावा गाल उजव्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. एकच माणूस, एकच वय, आणि दोन चेहरे.

ताईच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या. वजन उतरताना चरबी कुठून कमी करायची हे शरीर आपल्याला विचारत नाही, पोटाबरोबर गालातूनही घेतं. आणि चाळिशीनंतरची कातडी विशीतल्यासारखी आवळून येत नाही. परदेशात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आल्यापासून लोक याला 'ओझेम्पिक फेस' म्हणायला लागले आहेत, पण यात त्या औषधाची खास करणी फारशी नाही. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, मग ते औषधाने उतरो की चालून.

बाळसं गेलं तेव्हा कोणी रडलं नाही

हे सगळं वाचून मी पुन्हा श्लोकाकडे आलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. श्लोकात तीन अवस्था आहेत, म्हणजे बदल दोन आहेत. दुसऱ्या बदलाला, म्हणजे तारुण्याकडून जरेकडे जाण्याला, आपण 'चेहरा गेला' म्हणतो. पण पहिल्या बदलातही गाल जातातच की!

तान्ह्या बाळाच्या गालात चरबीचा एक मोठा गोळा असतो. दूध ओढताना गाल आत ओढले जाऊ नयेत म्हणून तो आधार देतो, असं मानलं जातं. बाळ चालायला लागलं, पळायला लागलं की बाळसं उतरतं. दहा-बारा वर्षांच्या पोराचा जबडा दिसायला लागतो. तेव्हा आजी काय म्हणते? "उंच झाला हो, आता मोठा दिसायला लागला." गालांचं घनफळ तेव्हाही कमी झालेलं असतं. कोणी विचारत नाही, बरं नाही का म्हणून.

गंमत बघा, आज पंचविशीतली काही मुलं-मुली गालातला तोच गोळा शस्त्रक्रियेने काढून घेतात, चेहरा रेखीव दिसावा म्हणून. आणि पन्नाशीतली माणसं त्याच्या आसपासच गाल भरून घेतात. दोघंही पैसे मोजतात. म्हणजे भरलेला गाल मुळात चांगला आणि बसलेला गाल मुळात वाईट, असं काही देहात लिहिलेलं नाही. किंमत आपण लावतो, आणि ती वयाप्रमाणे बदलतो.

आपली भाषाही बघा. आपल्याकडे वजन वाढलं की म्हणतात "तब्येत सुधारली", आणि उतरलं की "काय गं, किती खराब झालीस!" ज्या समाजाने दुष्काळ पाहिले, प्लेग पाहिला, क्षयाने घरातली माणसं जाताना पाहिली, त्याला भरलेला गाल म्हणजे घरात धान्य आहे आणि माणूस जगणार आहे, असंच वाटणार. त्या काळी ती खूण बऱ्याच अंशी खरी असेल. आज डायबेटिसच्या काळात तीच खूण ताईबद्दल खोटं सांगते. खूण जुनी झाली, पण डोळ्यांची सवय गेली नाही.

कृष्ण तिन्ही अवस्था एका दमात सांगतो, त्यांच्यात डावं-उजवं करत नाही. बालपणातून तारुण्यात जाताना तू काही गमावलं नाहीस ना? मग पुढच्या पावलाला एवढा का घाबरतोस? पहिला भाग आपल्या सगळ्यांच्या अनुभवातला आहे, म्हणून तो आधी ठेवला आहे.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. एका रेकॉर्डमधला पत्ता बदलतो, फोन बदलतो, कधी आडनावही बदलतं. प्रायमरी की बदलत नाही, म्हणून ते रेकॉर्ड त्याच माणसाचं राहतं. उपमा तोकडी आहे, कारण आत्मा म्हणजे काही नंबर नव्हे. पण कोणती फील्ड बदलायचीच असते आणि कोणती नाही, एवढं ओळखता आलं तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

अर्जुन कोणाकडे बघत होता?

आता मुख्य मुद्दा. हा श्लोक आपण नेहमी स्वतःवर लावतो : माझा देह, माझं म्हातारपण, माझा मृत्यू. पण कृष्णाने तो सांगितला कोणाला आणि कधी?

अर्जुन स्वतःच्या देहासाठी रडत नव्हता. पहिल्या अध्यायात तो रथ दोन सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो आणि बघतो. समोर आजोबा आहेत, गुरू आहेत, मामा आहेत, भाऊ आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो नावं घेऊन विचारतो, पूजा करावी अशा भीष्म-द्रोणांवर मी बाण कसे टाकू? म्हणजे तो आपल्या माणसांच्या, त्यातही म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होता, आणि बघता बघता गोंधळला. 'भांबावू नकोस' हे त्याला सांगितलं आहे. चेहरा ज्याचा होता त्याला नव्हे, बघणाऱ्याला.

श्लोकाचा मुख्य विषय मृत्यू आहे, हे मान्य. पण ऐकणारा माणूस दुसऱ्याच्या देहाकडे बघत होता, हेही तितकंच खरं. मग जरेचा जो मोह आहे, तो आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाचाच असतो असं नाही. तो समोरून बघणाऱ्याचाही असतो. माझ्या मते जास्त करून त्याचाच असतो.

पुढे भीष्मपर्वातच अर्जुन कृष्णाला एक आठवण सांगतो. लहानपणी खेळून धुळीने माखलेला तो भीष्मांच्या मांडीवर चढायचा, त्यांना धुळीने माखवायचा आणि 'बाबा' म्हणायचा. भीष्म म्हणायचे, मी तुझा बाबा नाही रे, तुझ्या बाबांचा बाबा आहे. युद्ध ऐन भरात आलं असताना त्याला हे आठवतं. समोरच्या पांढऱ्या दाढीच्या योद्ध्यात त्याला तीच मांडी दिसते. भीष्मांच्या चेहऱ्याचं वय अर्जुनाच्या नजरेला अडवत नाही. धीर माणसाचं बघणं असं असावं, असं मला वाटतं.

धीर म्हणजे दगड नव्हे. पुढच्याच, चौदाव्या श्लोकात कृष्ण सांगतो की थंडी-ऊन, सुख-दुःख येणार आणि जाणार, ते सोस. लागणारच नाही असं तो म्हणत नाही. आरशात गाल बसलेले दिसले की ताईला वाईट वाटतं, आणि ते खोटं नाही. श्लोक तिचं वाईट वाटणं चूक ठरवत नाही. 'गाल गेले म्हणजे मी गेले' या पुढच्या उडीला तो थांबवतो.

आईचं उदाहरण

आई ७१ वर्षांची. पोस्टात काउंटरवर नोकरी केली. गेल्या तीन-चार वर्षांत तिच्या मागच्या बऱ्याच दाढा काढाव्या लागल्या, आणि वर लिहिलं तसंच झालं, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड झाला. कवळी आहे, पण घरात ती लावत नाही.

तिला दवाखान्यात घेऊन गेलो की बऱ्याचदा एक ठरलेला प्रसंग होतो. डॉक्टर तिच्याकडे एकदा बघतात आणि मला विचारतात, "आजींना काय होतंय?" एकदा तिने मध्येच उत्तर दिलं, "मला विचारा. दात गेलेत, अक्कल नाही." डॉक्टर हसले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

मागच्या नोव्हेंबरात तिच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. आता तो फोनवर चेहरा दाखवून काढता येतो. आईने चष्मा काढला, पापण्या मिटल्या-उघडल्या, आणि ॲपने तिला आधारच्या जुन्या फोटोवरून ओळखलं. त्या फोटोत तिचे गाल भरलेले आहेत. माझ्या क्षेत्रातला असल्याने मला माहीत आहे की यात चमत्कार काही नाही. ते ॲप गाल किती भरले आहेत एवढंच बघत नाही, साऱ्या चेहऱ्यातून काढलेल्या आकड्यांची एक लांब यादी जुळते का ते बघतं, आणि थोडाफार फरक चालवून घेतं. पण मनात आलंच. दोन फोटोंत फरक आहे तरी माणूस तोच, हे यंत्राला शिकवता येतं. मग आपल्याला का जमू नये?

वृद्ध चेहऱ्याची आणखी एक अडचण आहे. ओठांचे कोपरे खाली उतरलेले असतात, भुवया जड झालेल्या असतात, त्यामुळे माणूस नुसता शांत बसला असला तरी दुःखी किंवा रागावलेला वाटतो. आपण विचारतो, "आई, काय झालं?" ती म्हणते, "काही नाही रे, बसलेय." तिच्या मनात काय आहे हे तिच्या हाडांवरून ठरवायला गेलं की असं होतं.

मग फिलरचं काय?

ताईच्या प्रश्नाचं उत्तर टाळून चालणार नाही. शास्त्र आपल्या बाजूने उभं करून 'हे सगळं मायाच आहे' म्हणणं सोपं आहे, विशेषतः स्वतःचे गाल शाबूत असताना.

आधी एक हकीकत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. तोवर हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जायचा. त्या काळच्या अशा स्वस्त मिश्रणांनी आपल्याकडे आणि आफ्रिकेत असंख्य जीव वाचले. त्यात स्टॅव्ह्युडीन नावाचं एक औषध होतं. ते पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागालाही इजा करायचं, आणि दीर्घकाळ घेतलं की बऱ्याच रुग्णांच्या गालांतली चरबी आटून जायची. माणूस जगला, कामाला लागला, पण त्याचे गाल त्याचा आजार चारचौघांत सांगायला लागले. ज्या आजाराचं नाव काढलं तर नोकरी जाईल, घर सोडावं लागेल, तो आजार चेहऱ्यावर. काही जण याच भीतीने औषध सोडायला निघायचे. २००४ साली अमेरिकेत गाल भरणाऱ्या एका इंजेक्शनला सरकारी मान्यता मिळाली, ती खास याच रुग्णांसाठी. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

त्या माणसांनी गाल भरून घेतले तर तो देहाभिमान होता का? मला नाही वाटत. त्यांना पुन्हा लोकांत मिसळायचं होतं. म्हणजे 'चेहरा भरून घेणं' या कृतीत पाप नाही आणि पुण्यही नाही. आपण कवळी लावतो, चष्मा लावतो, मोतीबिंदू काढतो. प्रश्न कृतीमागच्या समजुतीचा आहे.

दुसरी गोष्ट ययातीची. आदिपर्वातली ही कथा खांडेकरांच्या कादंबरीमुळे आपल्या घराघरांत पोचली. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आलं तेव्हा त्याने एकेका मुलाकडे तारुण्य मागितलं, शेवटी पुरूने दिलं. हजार वर्षं भोगून झाल्यावर ययातीला कळलं की इच्छा भोगाने शमत नाही, आणि त्याने ते परत केलं. तारुण्य हवंसं वाटणं ही त्याची चूक, असं आपण पटकन म्हणतो. मला त्याची चूक वेगळी दिसते. किंमत त्याने दुसऱ्याला मोजायला लावली.

म्हणून ताईसाठी मी तीन प्रश्न काढले.

एक, किंमत कोण मोजणार? घरातल्या कोणाच्या गरजेचे पैसे यात जाणार असतील तर थांब. आणि हे एकदाच नसतं हेही धर. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षात विरतं, मग पुन्हा भरावं लागतं. नको झालं तर विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. त्यामुळे करायचंच तर शिकलेल्या डॉक्टरकडे, पार्लरमध्ये नाही.

दोन, यातून तुला काय मिळवायचं आहे? 'मी आहे तशी दिसावी', म्हणजे बरी आहे तर बरी दिसावी, ही इच्छा मला समजते. 'मी तीसचीच आहे' असं स्वतःला पटवायचं असेल, तर ते पटवायला दर वर्षी जास्त सुया लागतील.

तीन, आणि हा श्लोकाचा प्रश्न : समजा केलं आणि मनासारखं झालं नाही, किंवा दीड वर्षाने विरलं. तेव्हा तू कमी होशील का? याचं उत्तर मनापासून 'नाही' असेल, तर कर किंवा नको करूस, दोन्ही सारखंच. उत्तर 'हो' असेल, तर आधी थोडं थांब. कारण तेव्हा भरायचा खड्डा गालात नाही.

ताई यावर म्हणाली, "तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. पण तुझे हे प्रश्न माझ्या स्टाफरूमलाही पाठव." ती बरोबर बोलली. तिला त्रास गालांचा कमी आणि नजरांचा जास्त आहे. ती फिलर करेल की नाही मला माहीत नाही, तो निर्णय तिचा. तिच्याभोवतीच्या नजरा मात्र आपल्या आहेत, आणि त्या बदलायला सुई लागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊली ज्ञानी माणसाची लक्षणं सांगतात, तिथे म्हातारपणाचं वर्णन अगदी निर्भीड आहे. आज कमळाशी भांडणारे डोळे उद्या पिकलेल्या पडवळासारखे होतील, असं ते सांगतात. पहिल्यांदा वाचताना ते कठोर वाटतं. पण ते कोणा म्हाताऱ्याला हिणवायला सांगितलेलं नाही. ज्याच्याकडे अजून तारुण्य आहे, त्याने आत्ताच स्वतःत ते म्हातारपण पाहावं, असा त्याचा रोख आहे. ज्याने स्वतःच्या भरल्या गालांत उद्याचं बोळकं एकदा पाहिलं, तो समोरच्या बोळक्याला परका समजत नाही.

आजचा अभ्यास

आज एवढंच करून बघू या. कोणीही भेटलं की पहिलं वाक्य त्याच्या चेहऱ्याबद्दल, वजनाबद्दल बोलायचं नाही. "किती उतरलास" नाही आणि "काय सुधारलास" पण नाही. कसा आहेस, एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि घरात, शेजारात, बसमध्ये एखादी वृद्ध व्यक्ती भेटली, तर तिच्याबद्दल तिच्या मुलाला विचारू नका, तिलाच विचारा.

पांडुरंगा, आमचे चेहरे तू दिलेस तसे तूच परत घेतोस, थोडे थोडे करून. ते देताना आम्हाला धीर दे, आणि दुसऱ्याचा चेहरा बघताना त्याच्या आत राहणारा आमच्या नजरेतून निसटू देऊ नकोस.

श्रीकृष्णार्पणमस्तु.